रास्मीच्या घरी आलेली बरकत

"साहेब, करांगजेरुकात माणसं पटापट आडवी होताहेत!"

शिपाई तारसुनने सायकल भिंतीला टेकवायचीही तसदी घेतली नव्हती. ती त्याच्या मागे अंगणात धाडकन पडली. फौजदार दार्किमने चहाचा पेला खाली ठेवला.

"कॉलरा?"

"डॉक्टरीणबाई नाही म्हणतात. काल संध्याकाळी रासुनकडे स्लामेतान होतं ना, त्या जेवणातून काहीतरी झालंय."

"गेलं कुणी?"

"तिघं. त्यातलं एक पोर."

दवाखान्याच्या ओसरीत पुरुष बसले होते, कालच्याच लुंग्या नि काळ्या टोप्या घालून, सगळे धडधाकट. आत खाटांवर आणि खाटांखाली होत्या त्यांच्या बायका आणि पोरं. दार्किम याच मातीतला, त्याला याचं नवल वाटलं नाही. स्लामेतानचं बोलावणं घरच्या पुरुषाला असतं. तो जाऊन बसतो, मशिदीच्या मोदिनने म्हटलेल्या प्रार्थनेला आमीन म्हणतो, चहा पितो, भाताला हात लावल्यासारखं करतो आणि बरकतीची बांबूची डबी काखोटीला मारून घरी येतो. घरी पोरं दारातच बसलेली असतात. बाप भुकेला झोपतो आणि पोरं जेवतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली माया ती, आणि काल तिनेच घात केला.

गावचा म्हातारा मोदिन खांबाला टेकून बसला होता. त्याची बायको पहाटे गेली होती.

"माझ्या वाट्याला तंगडी आली होती रे, दार्किम," तो म्हणाला. "तिला म्हटलं, तू खा, माझे दात कुठे राहिलेत. सगळी डबी तिलाच दिली. एक घास जरी मी घेतला असता..."

दार्किमने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

डॉक्टरीणबाईंचे डोळे जागरणाने लाल झाले होते. "दरदरून घाम, गरगरणं, मग झोप. त्या झोपेतून माणूस उठत नाही. हे बोंगक्रेक आहे, फौजदार."

टेंपे म्हणजे उकडलेल्या सोयाबीनला बुरशी लावून बांधलेली वडी. तिच्यावर तर हा मुलूख जगतो. पण तेल काढून उरलेल्या खोबऱ्याच्या पेंडीवर तीच बुरशी लावली की होतं बोंगक्रेक, गरिबाचं टेंपे. दहादा निभावून जातं आणि अकराव्यांदा अख्खं घर रिकामं करतं. सरकारने त्याच्यावर बंदी घातली त्याला वर्षं लोटली होती.

"आता कोण करतंय ते?" दार्किम म्हणाला.

"सोयाबीन महागलं की ते बिळातून बाहेर येतंच. या घाण्यातला बाकीचा माल उद्याच्या बाजारात गेला, तर मला आणखी खाटा लागतील. किंवा लागणारही नाहीत."

अठ्ठ्याण्णव साल होतं ते. रुपिया दोर तुटलेल्या बादलीसारखा खाली चालला होता आणि परदेशी जहाजातून येणारं सोयाबीन त्याच वेगाने वर. टेंपेचा काप आठवड्यागणिक पातळ होत होता. बायका थट्टेने म्हणत, आता यातून पलीकडे बसलेला नवरा दिसतो, म्हणून गिळवत नाही. त्या थट्टेतही भूक होती.

रासुनच्या घरी चुली थंड पडल्या होत्या. त्याची स्वतःची लेक दवाखान्यात होती. नातवाच्या सुंतेची मेजवानी अशी झाली होती.

"टेंपे कुणाचं?" दार्किमने विचारलं.

"नीनी तुर्सिनाहचं. चाळीस वर्षं तिचंच घेतो आम्ही."

"डब्या कुणी भरल्या?"

"मी नि बायकोने. एकच कोंबडी होती, कांग," थोरल्या भावाला म्हणावं तसं तो म्हणाला. " मानाचे तुकडे मानाच्या माणसांना घातले. बाकीच्यांना पंख, पाठ, कुणाला नुसतं अर्धं अंडं. टेंपे मात्र सगळ्यांना भरपूर. म्हटलं, तेवढी तरी लाज राखू."

खुंटीला केळीच्या पानात बांधलेली एक वडी उरली होती. दार्किमने ती उलगडली. बोट लावताच कडेचा भुगा पडला. दाणे विरळ होते, आणि मधला लगदा किंचित पिवळट. वरच्या पांढऱ्या सायीवर काळे ठिपके होते, मुंग्या शिस्तीने चालाव्यात तसे ओळीने.

"चव कशी होती म्हणाली लेक?"

"छान, म्हणाली." रासुनचा आवाज फुटला. "म्हणाली, बा, आज मटणासारखं लागतंय."

तुर्सिनाहच्या अंगणात तोवर गाव जमलं होतं. कुणीतरी परसातून पेंडीचं पोतं ओढून आणलं होतं आणि ते बघून लोकांचं डोकं फिरलं होतं. तिची बदकं तिथेच माना मुरगळून टाकली होती.

"नवऱ्याला खाल्लंन हिने, आता गाव खायला निघाली!" एकजण ओरडला.

ते खरंही होतं, म्हणूनच जिव्हारी लागणारं. तीस वर्षांपूर्वी अशाच एका महागाईत तिच्या हातचं बोंगक्रेक खाऊन तिचा नवरा गेला होता. दार्किमने तारसुनला दारात उभं केलं आणि तो आत गेला. म्हातारी चटईवर बसली होती.

"नीनी, टेंपे तुझं?"

"माझं."

"तू केलंस?"

ती चटईची काडी उपसत राहिली.

"नीनी, बाहेर लोक रॉकेल घेऊन उभे आहेत. मानापमानाची ही वेळ नव्हे. तू केलंस का?"

"मी विकलं," ती म्हणाली. "चूल बघ जा माझी."

दार्किमने वाकून पाहिलं. मोठ्या चुलीत पेंढा घालून एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिने त्याच्याकडे रागाने पाहिलं.

"मग आणलंस कुठून?"

"सुदार्नोच्या शेडमधून. प्लास्टिकातलं. घरी आणते आणि पानात बांधते. लोकांना वाटतं, तुर्सिनाहचंच. नवरा गेल्यापासून पेंडीला हात लावला नाही मी. माझ्या हातचं नाव पुन्हा उभं करायला जन्म गेला माझा. आता दाणा परवडत नाही म्हणून दुसऱ्याचं विकते, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि हे पोतं?"

"बदकांचं. बदकं मारली ना त्यांनी? आवाज आला मला." तिने चुलीतल्या कोंबडीखालचा पेंढा नीट केला. "माझ्या सासूच्या वेळी भात कापलं की त्याच वाफ्यात सोयाबीन टाकायचे. बारीक दाणा, पण गोड. मग जहाजाचा आला. टपोरा, स्वस्त. सगळे म्हणाले, कशाला वाकून मरायचं? वाफे गेले वीटभट्टीला. तुझ्या बापाचाही गेला."

"गेला," दार्किम म्हणाला.

"आता जहाज महागलं. मागे वळून बघावं तर वाफा कुठाय?"

त्याने तिला जीपमध्ये घालून ठाण्यात नेलं. कोठडीचं दार उघडंच ठेवलं. तासाभरात शहरातून साहेबांचा फोन आला.

"म्हातारीला घेतलं ना? छान. संध्याकाळपर्यंत कागद करून टाका."

"साहेब, ती म्हणते, माल सुदार्नोच्या शेडचा."

"सुदार्नो? टेंपे सहकारी संघाचा? दार्किम, तुम्हाला नोकरी जड झालीय का? तिच्या घरात पेंड सापडलीय, तिचा नवरा त्यानेच मेलाय. अजून काय आभाळातून पुरावा पडायला हवाय?"

दार्किमने फोन ठेवला. साहेबांचं एका अर्थी चुकत नव्हतं. त्याच्याकडे एका म्हातारीच्या शब्दाखेरीज काहीच नव्हतं, आणि तो शब्दही तिने इतके महिने गावापासून लपवलेला.

सुदार्नो संघाच्या कचेरीत होता. इस्त्रीचा शर्ट, मृदू आवाज. उठून पुढे आला आणि दोन्ही हातांनी दार्किमचा हात धरला.

"या कांग, बसा. काय हा प्रसंग! मला तर अन्न गोड लागेना."

अन्न मात्र लगेच आलं. गरमागरम मेंदोआन, पिठात बुडवून अर्धकच्चे तळलेले टेंपेचे काप. सकाळपासून दार्किमच्या पोटात काही नव्हतं. त्याने एक तुकडा तोडला. दाणा न् दाणा वेगळा दिसत होता.

भिंतीवर भलामोठा तक्ता होता. देशात माणशी किती सोयाबीन मिळतं त्याची लाल रेघ. वर्षामागून वर्षं चढत गेलेली.

"बघा," सुदार्नो म्हणाला, "आजोबांच्या काळी माणशी ओंजळभर होतं. आता केवढं! प्रगती म्हणतात ती हीच."

"यातलं आपल्या शेतातलं किती?"

"ते तक्त्यात वेगळं दाखवत नाहीत."

"आणि या वर्षीची रेघ?"

"रंग संपला असेल," सुदार्नो हसला.

"नीनी तुर्सिनाह तुमच्याकडून माल नेते?"

"एके काळी न्यायची. गेले कित्येक महिने फिरकली नाही. स्वतःचं करते म्हणे. आता कळतंय, काय करत होती ते."

"तुमच्या मालात पेंड असते?"

"तोबा, तोबा! कांग, संघाचं नाव आहे."

"हे टेंपे झकास आहे. असं बाजारात दिसत नाही हल्ली."

"हे घरचं. बायको घरापुरतं वेगळं लावते."

दार्किमने मान डोलावली आणि दुसरा तुकडा घेतला. खिडकीतून शेड दिसत होती. तिच्या भिंतीला खिळे ठोकलेली एक फळी लटकत होती, प्लास्टिकच्या पिशव्यांना हवेसाठी भोकं पाडायची. तशी फळी गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

"काल स्लामेतानला होता तुम्ही?"

"होतो तर. मोदिनच्या शेजारीच बसलो होतो."

"आणि डबी?"

"घरी नेली. पोरांनी फस्त केली. देवाची कृपा, आमच्यात कुणाला काही झालं नाही. ज्याचं त्याचं नशीब."

तेवढ्यात रस्त्यावरून एक बाई ओरडत आली. रास्मीचं दार सकाळपासून उघडलं नव्हतं.

रास्मीची झोपडी नदीकाठी होती, रासुनच्या घरून संघाकडे येणाऱ्या वाटेवर. नवरा मरून दोन वर्षं झाली होती, ती लोकांची धुणी धुवायची. तारसुनने दार खांद्याने उघडलं. मायलेकी एकमेकींना बिलगून झोपल्या होत्या. लेकीच्या ओठाला भाताचं शीत चिकटलं होतं. दार्किमने हात लावला आणि मग तो हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

चुलीपाशी बांबूची डबी होती, स्वच्छ पुसून खाल्लेली. बशीत हाड होतं, चोखून पांढरं केलेलं. कोंबडीच्या तंगडीचं हाड.

"ह्या पण स्लामेतानच्याच," तारसुन म्हणाला. "म्हणजे पाच झाली, साहेब."

"हं." दार्किम डबी हातात घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, "तारसुन, या घरातून काल स्लामेतानला कोण गेलं होतं?"

"या घरातून? कोण जाणार, पुरुष कुठाय इथे..." तारसुनचं तोंड उघडंच राहिलं.

रासुनला विचारलं तर तो ओशाळला. "नाही धाडली, कांग. धाडायला हवी होती. पण माणसांइतक्याच डब्या, एकही उरली नाही. बायको रात्री हळहळत होती, विधवेच्या घरी काही गेलं नाही म्हणून."

"ठीक. माझ्याबरोबर चल. आणि मी विचारेपर्यंत तोंड उघडू नकोस."

दुपारी संघाच्या कचेरीत काल जेवायला बसलेले सगळे पुरुष जमले. मोदिनलाही हाताला धरून आणलं. सुदार्नोने सगळ्यांना चटया टाकून दिल्या, पाणी विचारलं. दार्किम तक्त्याखाली उभा राहिला.

"एकच विचारतो. काल तुम्ही डबी घेऊन गेलात. ती कुणी खाल्ली आणि कोंबडीचा कुठला तुकडा निघाला? ज्याने डबी उघडली त्याला ते आठवणारच. या दिवसांत कोंबडी कुणी विसरत नाही."

कुणी हसलं नाही. एकेकजण बोलू लागला. पाठ, पोराने खाल्ली. मान, बायकोने. अर्धं अंडं, दोघी लेकींत वाटलं, धाकटी गेली. मोदिन म्हणाला, "तंगडी," आणि रडू लागला.

"तुमची, बापाक?" दार्किमने सुदार्नोला अदबीने विचारलं.

सुदार्नोने क्षणभर छताकडे पाहिलं. "आमची? पंख. थोरल्याने खाल्ला."

"पंख?" दार्किम म्हणाला. "रासुन, आता बोल."

रासुनचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पंख कसा असेल? मी स्वतःच्या हाताने भरली. तंगड्या दोनच होत्या. एक मोदिनना, एक बापाक सुदार्नोंना. संघाचे अध्यक्ष, त्यांना पंख घालीन मी?"

चटयांवरच्या माना सुदार्नोकडे वळल्या.

"कोंबडीला तंगड्या दोनच," दार्किम म्हणाला. "एक मोदिनच्या घरी गेली. दुसरीचं हाड मी आत्ता रास्मीच्या बशीत पाहिलं. तिच्या घरात पुरुष नाही, तिला बोलावणं नव्हतं, रासुनने डबी धाडली नव्हती. म्हणजे तुमच्यापैकी कुणीतरी स्वतःची डबी तिला दिली. चांगलं काम. एरवी असं काम करणारा माणूस गावभर सांगत फिरला असता. हा मात्र लपवतोय. का?"

"कांग, गरीब बाई होती, वाटेत घर..." सुदार्नो म्हणाला. "दान सांगायचं नसतं."

"मग पोरांनी फस्त केली असं का सांगितलंत? पंख थोरल्याने खाल्ला, असं का सांगितलंत? तुम्ही डबी उघडलीच नव्हती. आत टेंपे आहे ते तुम्ही रासुनकडेच पाहिलं होतं, आणि ते कुठलं ते तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं."

त्याने खिशातून पानात गुंडाळलेली वडी काढली आणि सगळ्यांपुढे उलगडली.

"हे नीनीने विकलं. पण बघा, काळे ठिपके ओळीने आहेत. पानात वाढलेल्या टेंपेवर असे ठिपके कुणी पाहिलेत? प्लास्टिकला भोक असतं तिथे हवा लागते आणि बुरशी काळी पडते. हे पिशवीत वाढलं आणि मग पानात आलं. भोकं पाडायची फळी त्या भिंतीवर आहे. नीनी लाजेने गप्प बसली आणि तिच्या लाजेआड हा माणूस निवांत बसला. दाण्यात पेंड घालून बाजाराला आणि निवडक दाणा घरच्या चुलीला. मी सकाळी तोच खाल्ला, आणि मला आवडलासुद्धा. तारसुन, शेड उघड."

शेडमध्ये पेंडीची पोती रचलेली होती आणि उद्याच्या बाजाराचा माल फळ्यांवर उबेत फुगत होता. त्यातल्या कित्येक पिशव्या पिवळट पडल्या होत्या. सगळं नष्ट करा, असा डॉक्टरीणबाईंचा निरोप होताच. मागच्या आवारात खड्डा खणून सगळं चुन्याखाली पुरलं. दार्किम शेवटची पिशवी पडेपर्यंत तिथून हलला नाही.

सुदार्नो पायरीवर बसला होता. शर्टाची इस्त्री अजून शाबूत होती.

"सोयाबीनचा कोटा अर्धाच येतो," तो म्हणाला. "त्यातला थोडा शहरात जातो, वरची माणसं मागतात. मी शेड बंद केली असती तर गावाला एवढंही मिळालं नसतं. सगळेच काही ना काही मिसळतात, कांग. कुणी मका, कुणी पपई. मला काय ठाऊक, हा घाणा विषारी निघेल?"

"ठाऊक नव्हतं?"

"देवाशपथ नव्हतं. एवढ्याने काय होतंय, असं वाटलं."

"मग पोरांना का नाही दिलंत?"

सुदार्नोने बाहीची घडी सारखी केली.

"नदी वाटेतच होती," दार्किम म्हणाला. "फेकली असतीत डबी तर रास्मी नि तिची लेक जगल्या असत्या. आणि मला तुमच्या केसालाही धक्का लावता आला नसता."

"बरकत फेकायची?" सुदार्नोने दचकून वर पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर खरी भीती दिसली. "मोदिनने प्रार्थना म्हटलेलं अन्न? आई सांगायची, शितं टाकली तर घरच्या कोंबड्या मरतात."

दार्किमला त्याला मारावंसं वाटलं. त्याने मारलं नाही, आणि पुढे कित्येक वर्षं त्याला त्याचा पश्चात्ताप होत राहिला.

तुर्सिनाहला त्याने स्वतः घरी सोडलं. अंगणातले लोक पांगले होते. माफी मागायला कुणी आलं नाही. एक शेजारीण कुंपणापाशी येऊन म्हणाली, "नीनी, उद्या टेंपे आहे का गं? पोरं मागताहेत." म्हातारीने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि मेलेली बदकं गोळा करायला वाकली.

गेलेल्यांसाठी तिसऱ्या दिवशी स्लामेतान झालं. मोदिनने स्वतःच्या बायकोची प्रार्थना स्वतःच म्हटली. रास्मी आणि तिच्या लेकीचं नाव घ्यायला घरचं कुणी नव्हतं, ते दार्किमने घेतलं. डब्या वाटल्या तेव्हा कुणाचाच हात पुढे होईना. पण नाही कोण म्हणणार? सगळ्यांनी त्या घेतल्या.

दार्किम नदीकाठच्या वाटेने निघाला. पुढे चाललेले पुरुष रास्मीच्या बंद दारापाशी आपोआप सावकाश होत होते, डब्या काखेत, आणि पाण्याकडे बघत होते. एकानेही डबी फेकली नाही. दार्किमही थांबला. घरी त्याची दोन पोरं उंबऱ्यावर बसली असतील, हे त्याला ठाऊक होतं.

त्याने झाकण उघडलं. भात, भाजी, अर्धं अंडं. टेंपेच्या जागी काहीच नव्हतं.

त्याच्या बापाने कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. वाटेतच उकिडवा बसला, प्रत्येक पदार्थातला एकेक घास स्वतः खाल्ला, आणि अंधार पडेपर्यंत तिथेच वाट बघत बसला. मग डबी बंद करून पोरांकडे निघाला.